सकाळी थंड इंजिन मिसिंग मारतं, गरम झालं की एकदम ठीक. कुठे शोधू?

नदीकाठ:

नमस्कार मंडळी.

गाडी २०१३ ची, पेट्रोल, १.२ लिटर, चार सिलिंडर, हाताचे गिअर. ९२ हजार किलोमीटर झालेत. वडिलांनी घेतलेली, गेली चार वर्षं मी वापरतो. राहायला साताऱ्यात.

दिवाळी झाली, थंडी पडायला लागली आणि त्रास सुरू झाला. सकाळी पहिला स्टार्टर मारला की गाडी लगेच चालू होते, पण स्लोला अशी थडथडते की गिअरचा दांडा हातभर हलतो. काटा ९५० ते १२५० च्या मध्ये वरखाली. रेस दिली तर सरळ होते, पाय काढला की परत थडथड. दोन-तीन मिनिटांनी कुणी बटण दाबावं तशी शांत होते. मग दिवसभर काही नाही. संध्याकाळी ऑफिसातून निघताना, आठ तास उभी असूनसुद्धा, जवळपास ठीक असते. इंजिनचा दिवा कधी लागतो, कधी आपोआप जातो. एकदा लुकलुकलाही.

आतापर्यंत केलेलं: चारही प्लग नवीन. एक कॉइल (प्लगला स्पार्क देणारी) नवीन. थ्रॉटल बॉडी साफ. इंजेक्टर साफ. एअर फिल्टर नवीन. सगळे मिळून ११,४०० रुपये गेले आणि फरक शून्य. आता गॅरेजवाले म्हणतात ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर गेलाय, ३८ हजार लागतील. घरात आईला दर आठवड्याला कराडला दवाखान्यात न्यावं लागतं, त्यामुळे गाडी महिनाभर उभी ठेवणं शक्य नाही. आणि ३८ हजार टाकून परत हेच झालं तर काय करायचं?

मला जमेल तेवढं मी स्वतः तपासायला तयार आहे. हत्यारं थोडीफार आहेत. कुठून सुरुवात करू?

घाटमाथा:

बॅटरीची निगेटिव्ह रात्रभर काढून ठेवा, ईसीएम रिसेट होईल. माझ्या गाडीचं असंच गेलं होतं. नाहीतर स्लो थोडा वाढवून घ्या.

पाना_दहा_अकरा:

घाटमाथा, राग मानू नका, पण दोन्ही सल्ले इथे नकोत. बॅटरी काढली की ईसीएमने साठवलेला सगळा हिशेब पुसला जातो, आणि आपल्याला नेमका तोच हिशेब वाचायचाय. आणि स्लो वाढवायचा म्हणजे कार्बुरेटरच्या काळातला स्क्रू. इंजेक्शनच्या गाडीत थ्रॉटलच्या कडेला जो छोटा स्क्रू असतो तो कंपनीत बसवून दिलेला असतो, त्याला पाना लावायचाच नाही. स्लो ईसीएम ठरवतो.

नदीकाठभाऊ, मी छत्तीस वर्षं गॅरेज चालवलं, आता मुलगा बघतो. तुमच्या लिहिण्यातली दोन वाक्यं मला मोलाची वाटली. एक, रेस दिली की सरळ होते. दोन, गरम झाली की बटण दाबल्यासारखी शांत होते. ईसीएम बिघडला तर तो सकाळ-संध्याकाळ बघत नाही. त्याचे ३८ हजार खिशातच ठेवा.

पहिलं काम, ईसीएमने नोंदवलेले दोषांचे कोड वाचा. ब्लूटूथवर चालणारा छोटा स्कॅनर मिळतो, ईएलएम ३२७ म्हणतात, स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये बसतो आणि मोबाइलवर सगळं दिसतं. पी०३०० असेल तर मिसिंग, म्हणजे स्फोट चुकणं, ठरावीक सिलिंडरला नाही. पी०३०१ ते पी०३०४ असेल तर शेवटचा आकडा सिलिंडरचा. एक नंबर म्हणजे बहुतेक गाड्यांत पट्ट्याच्या बाजूचा.

आणि दिवा लुकलुकत असेल तर गाडी दामटू नका. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडे जातं, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं, आणि आतली जाळी वितळून बसते. मग ईसीएमच्या खर्चाइतकाच खर्च खरोखर येतो.

सीएनजीवाला_पिंपरी:

गाडी फक्त पेट्रोल की गॅसपण बसवलाय? गॅस असेल तर सगळ्यात सोपी तपासणी: दोन्हीवर चालवून बघा. पेट्रोलवर गुळगुळीत आणि गॅसवर थडथड असेल तर गॅसचा फिल्टर, रिड्यूसर किंवा गॅसचे इंजेक्टर. दोन्हीवर सारखीच थडथड असेल तर प्लग, कॉइल, टॅपेट, हवा. माझ्या गाडीला गॅसवर लाखभर किलोमीटर झाल्यावर एक्झॉस्टच्या व्हॉल्व्हचं टॅपेट (व्हॉल्व्ह दाबणारा भाग) टाइट झालं होतं. व्हॉल्व्ह सीटमध्ये खाली बसत जातो, गॅप संपतो, आणि मग तो पूर्ण बंदच होत नाही.

नदीकाठ:

फक्त पेट्रोल, गॅस नाही. काका, स्कॅनर मागवला, परवा येईल.

आयटीआयवाली:

स्कॅनर येईपर्यंत थोडं लिहिते. मी मोटर मेकॅनिकच्या मुलांना शिकवते आणि दर वर्षी हा प्रश्न येतोच: दोष स्लोलाच का दिसतो, रेस दिल्यावर का लपतो?

स्लोला थ्रॉटलची चकती जवळजवळ बंद असते. इंजिन हवा ओढायला बघतं, वाट मिळत नाही, म्हणून मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे थ्रॉटलपासून सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांत, ओढ सगळ्यात जास्त आणि हवा सगळ्यात कमी. अशा वेळी कुठे काडीएवढी फट असली तरी तिथून आत येणारी हवा एकूण हवेच्या मानाने फार मोठी ठरते. तीन हजार आरपीएमला थ्रॉटल उघडा, ओढ कमी, हवा भरपूर. तीच फट, पण तिचं काही चालत नाही.

दुसरं म्हणजे वेग. ७५० आरपीएमला चार सिलिंडरचे मिळून सेकंदाला पंचवीस स्फोट होतात, एका सिलिंडरच्या वाट्याला सहा. एक सिलिंडर मेला तर सेकंदाला सहा वेळा इंजिन लंगडतं. हेच तुमच्या गिअरच्या दांड्याला जाणवतंय. वेग वाढला की फ्लायव्हील तो खड्डा भरून काढतं.

थंडपणी दोष आणि गरम झाल्यावर बरा, या लक्षणाची माझ्याकडे चार नावं आहेत. रबर आकसून हवा ओढणं. हेड गॅस्केटमधून रात्रभर थेंबथेंब पाणी सिलिंडरमध्ये उतरणं. टपकणारा किंवा चिकटणारा इंजेक्टर. आणि पाण्याच्या तापमानाचा सेन्सर खोटं सांगणं, पण तो चारही सिलिंडरना सारखाच फसवतो. म्हणून आधी कोड येऊ दे. तोवर एक करा: आज रात्री कूलंटच्या बाटलीवर पेनाने रेघ मारा. उद्या सकाळी थंड असताना बघा, उतरलंय का. आणि स्टार्ट केल्यावर सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येतो का तेही बघा. रेडिएटरची टोपी गरम असताना उघडायची नाही.

पाना_दहा_अकरा:

ताई बरोबर बोलल्या. त्यात माझी एक जुनी तपासणी घाला, फुकटची. सायलेन्सरच्या तोंडासमोर वहीचा कागद दोन बोटं अंतरावर धरा. चांगलं इंजिन कागद सारखा बाहेर ढकलतं. मिसिंग असेल तर ढकलता ढकलता मध्येच दम खातं. आणि कागद मध्येच आत ओढला जात असेल तर एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह जळालाय असं समजा. हे बंद गॅरेजमध्ये करू नका, उघड्यावर करा. तो धूर जीव घेतो.

नदीकाठ:

तीन सकाळींची नोंद देतो. मुलगी दहावीत आहे, ती शेजारच्या सीटवर वही घेऊन बसली आणि दर पंधरा सेकंदांनी आकडे लिहिले.

कूलंट: तिन्ही दिवस रेघेवरच. पांढरा धूर नाही, फक्त थंडीची वाफ, तीही मिनिटभरात गेली. कागद बाहेर ढकलला जातो, मध्ये फफ् फफ् करतो, आत ओढला जात नाही.

कोड: पी०३०४ आणि पी०३००.

चावी ऑन, इंजिन बंद: मॅनिफोल्डचा दाब ९३ किलोपास्कल. चालू केल्यावर थडथडताना ४४ ते ४७. शांत झाल्यावर ३३.

इंजिनचं पाणी १७ डिग्रीला असताना चालू केली. थडथड साधारण ४५ ते ५० च्या आसपास थांबते. तिन्ही दिवस तसंच.

फ्युएल ट्रिम (ईसीएम पेट्रोल किती टक्के वाढवतो-घटवतो तो आकडा): पहिलं मिनिटभर शॉर्ट टर्म शून्यावरच अडकलेलं. मग अधिक ८ ते १२. गरम झाल्यावर शून्याच्या आसपास, अधिक-उणे तीन. लाँग टर्म अधिक ५, ते हलत नाही.

एअर लीक असेल तर ट्रिम अधिक २०-२५ जातं असं मी वाचलं. माझं तेवढं नाही, म्हणजे लीक नाही ना?

आयटीआयवाली:

मुलीला शाबासकी द्या. इतकी नीट नोंद माझे दुसऱ्या वर्षाचे विद्यार्थी करत नाहीत.

आता एकेक. ९३ आकडा बरोबर आहे. समुद्रकाठी तो १०१ च्या जवळ दिसला असता, सातारा सातशे मीटरच्या वर आहे, म्हणून ९३. सेन्सर खरं बोलतोय.

पहिल्या मिनिटाचं शून्य ट्रिम म्हणजे "सगळं ठीक" नव्हे. ऑक्सिजन सेन्सर गरम होईपर्यंत ईसीएम त्याचं ऐकतच नाही, ठरलेल्या तक्त्याप्रमाणे पेट्रोल देतो. म्हणजे तुमचा दोष सगळ्यात जोरात असतो नेमका तेव्हाच ट्रिम गप्प असतं.

लाँग टर्मचे अधिक ५ मला खटकत नाहीत. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. साध्या पेट्रोलच्या एक किलोला १४.७ किलो हवा लागते, या मिश्रणाला सुमारे साडेतेरा. तुमची गाडी २०१३ ची, तिचा तक्ता जुन्या पेट्रोलचा. तिने थोडं जास्त पेट्रोल देणं साहजिक आहे.

आता तुमचा मुख्य प्रश्न. "लीक म्हणजे अधिक २५" हा नियम हवा मोजणाऱ्या मीटरच्या, म्हणजे एमएएफवाल्या गाड्यांचा. त्यांत मीटरच्या पुढून चोरून आलेली हवा ईसीएमला कळतच नाही. तुमच्या गाडीत मीटर नाही, दाबाचा सेन्सर आहे. फटीतून हवा आली की दाब वाढतो, सेन्सरला ते दिसतं, आणि ईसीएम त्या हिशेबाने पेट्रोल वाढवतो. म्हणून अशा गाड्यांत मोठा लीक असला तरी ट्रिम बरं दिसतं, उलट स्लो चढतो.

पण फट एकाच सिलिंडरच्या तोंडाशी असेल तर? दाबाचा सेन्सर सगळ्यांचा मिळून दाब बघतो. वाढलेलं पेट्रोल चौघांत सारखं वाटलं जातं, आणि चोरटी हवा मात्र एकट्या चार नंबरच्या पोटात जाते. तो कोरडा पडतो, बाकीचे तिघे किंचित ओले. सरासरी जवळजवळ ठीक! तुमचे आकडे या चित्रात बसतात.

बसतात एवढंच म्हणते. मिसिंग कशानेही झालं तरी न वापरलेला ऑक्सिजन सेन्सरपर्यंत जातो आणि ट्रिम अधिककडे झुकतं. नुसत्या ट्रिमवरून कुणी लीक ठरवला तर त्याचं ऐकू नका. माझंसुद्धा.

पाना_दहा_अकरा:

आता अदलाबदल करा. चार नंबरची कॉइल दोनवर, दोनची चारवर. प्लगही तसेच. कोड पुसा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चालू करा. पी०३०२ आला तर दोष तुमच्या हातातल्या वस्तूबरोबर सरकला. पी०३०४ च राहिला तर कॉइल-प्लग सुटले. पैसा लागत नाही.

प्लग थंड इंजिनावरच काढा. हेड ॲल्युमिनियमचं आहे, गरमपणी आटे निघतात. आधी हवेने विहिरीतली, म्हणजे प्लग बसतो त्या खोल भोकातली, माती उडवा. लावताना पहिले आटे नुसत्या बोटांनी, एक रबरी नळी प्लगच्या डोक्यावर घालून फिरवा, म्हणजे तिरका बसत असेल तर नळीच घसरते. मग टॉर्क पाना. विहिरीत तेल दिसलं तर सांगा. वरच्या झाकणाचं सील गेलेलं असतं, आणि तेलात भिजलेलं कॉइलचं रबर स्पार्क बाहेर पाडतं.

सीएनजीवाला_पिंपरी:

आणि उंदरांनी वायर कुरतडलीय का तेपण बघा. माझ्याकडे इंजेक्टरची एक वायर अर्धी खाल्लेली होती, सगळं बदलून झाल्यावर सापडली.

नदीकाठ:

विहिरी कोरड्या. वायरी शाबूत, कनेक्टर काढून पिना बघितल्या. अदलाबदल केली.

आज सकाळी परत पी०३०४.

म्हणजे नवीन कॉइलचे पैसे वायाच गेले. पण मन हलकं झालं, कारण पहिल्यांदाच काहीतरी नक्की कळलं.

वाटेत एका ओळखीच्या गॅरेजमध्ये थंड असताना कॉम्प्रेशनही (सिलिंडर हवा किती दाबतो ते, पीएसआय म्हणजे पौंडांत) घेतलं. चारही प्लग काढून, इंजेक्टरची कनेक्टर काढून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून. १६८, १७०, १६६, १६५.

पाना_दहा_अकरा:

मग व्हॉल्व्ह, रिंगा, टॅपेट, हेड गॅस्केट, सगळं बाजूला झालं. चौघांत पाच पौंडांचा फरक म्हणजे इंजिन तब्येतीला उत्तम आहे. दहा-पंधरा टक्क्यांच्या आत असलं तरी मी चांगलं म्हणतो. आता दोघेच उरले, चार नंबरचा इंजेक्टर किंवा चार नंबरच्या तोंडाचं गॅस्केट.

इंजेक्टर ऐका. लांब पेचकसाचं टोक इंजेक्टरच्या अंगावर आणि मूठ कानाच्या हाडावर. चौघांची टिकटिक सारखी हवी.

बर्फातला_कोकणी:

वाचत होतो, आता राहवत नाही म्हणून लिहितो. मी मूळचा चिपळूणचा, सध्या कॅनडात कॅलगरीला. इथे उणे पंचवीसमध्ये गाडी सुरू करावी लागते, त्यामुळे थंडीतले दोष फार बघितलेत. माझ्या जुन्या गाडीला हुबेहूब हेच होतं, फक्त दोन नंबरला. प्लॅस्टिकचा इनटेक मॅनिफोल्ड आणि हेड यांच्यामध्ये रबराचं गॅस्केट असतं. दहा-बारा वर्षांत ते चपटं आणि कडक होतं. थंडीत आकसतं, फट पडते. हेड गरम झालं की रबर फुगतं आणि फट बुजते.

मी केलेली तपासणी: सकाळी गाडी सुरू करण्याआधी केस वाळवायच्या ड्रायरने चार नंबरच्या मॅनिफोल्डचा जोड दहा-पंधरा मिनिटं तापवायचा. प्लॅस्टिक आहे, लांबून. मग स्टार्ट. थडथड नसेल तर चोर तिथेच.

आयटीआयवाली:

कल्पना सुंदर आहे, पण एक आडकाठी. इंजेक्टरही त्याच जोडाजवळ बसलेला असतो, तोही तापणार. चिकटणारा इंजेक्टर तापून सुटला तरी निकाल हाच दिसेल. ड्रायरने जागा कळेल, चोर कळणार नाही.

त्यापुढची पायरी पाण्याची. साबणाचं पाणी सिरिंजमध्ये भरून, इंजिन थडथडत असताना, जोडाच्या रेषेवर थेंबथेंब सोडायचं. फट असेल तर पाणी आत ओढलं जातं, क्षणभर फट बुजते, आणि इंजिनचा आवाज बदलतो. बरेच जण इथे कार्ब क्लीनर किंवा पेट्रोल मारतात. ते पेट घेतं. खाली गरम होणारं इंजिन, बाजूला कॉइल, मुलगी शेजारी उभी. पाणीच वापरा. कॉइल आणि अल्टरनेटरवर उडू देऊ नका, बाह्या दुमडा, मुलीची ओढणी आत खोचलेली हवी. पंखा आणि पट्टा कुणाची वाट बघत नाहीत.

वेळ मात्र कमी. दोन मिनिटांत रबर गरम होतं आणि पुरावा जातो. दिवसाला एकच संधी.

नदीकाठ:

पहिला दिवस, ड्रायर. बारा मिनिटं तापवलं. स्टार्ट केलं आणि गाडी पहिल्या सेकंदापासून शांत! बायको खिडकीतून विचारते, झाली का दुरुस्त?

दुसरा दिवस, पाणी. इंजिनचं पाणी १६ डिग्री, थडथड जोरात. साबणाचं पाणी एक नंबरच्या जोडावर सोडलं, फेस तसाच बसून राहिला. दोनवर, तसंच. तीनवर, तसंच. घाईत तिथेच मिनिट गेलं. चारच्या वरच्या कडेला सोडलं, काही नाही. मग सिरिंजला आयव्हीची नळी लावून खालच्या कडेला सोडलं. तिथे फेस टिकलाच नाही. फुगा आला आणि आत गेला, जणू कुणी स्ट्रॉने ओढला. आणि त्याच क्षणी इंजिन सरळ झालं. दोन सेकंद. पाणी संपलं, थडथड परत. पुन्हा सोडलं, पुन्हा दोन सेकंद सरळ. मुलगी ओरडली, बाबा काटा बघा!

काका, ताई, कॅलगरीचे दादा, मी तिथेच अंगणात खाली बसलो. दीड महिना झाला होता.

इंजेक्टरची टिकटिक चौघांची सारखीच ऐकली.

पाना_दहा_अकरा:

हवा ओढतंय, आता शंका नाही. खालच्या कडेला होतं म्हणून कुणाला दिसलं नाही.

स्वतः काढणार असाल तर नीट ऐका. थंड इंजिन. आधी पेट्रोल पंपाचा रिले काढून गाडी चालू करा आणि आपोआप बंद पडू द्या, म्हणजे रेलमधला दाब जातो. मग बॅटरीची निगेटिव्ह. पाइप आणि कनेक्टर काढण्याआधी मोबाइलवर फोटो. मॅनिफोल्ड बाहेर आला की हेडची चारही तोंडं स्वच्छ फडक्याने बुजवा, फडकी मोजून चार, आणि लावताना मोजून चार बाहेर. एक नट आत पडला तर हेड उतरवावं लागतं. हेडचा तो भाग पत्रीने खरवडू नका, ॲल्युमिनियमवर चरा पडला की नवीन गॅस्केटही हवा ओढतं. प्लॅस्टिकच्या पट्टीने किंवा नखाने. मग मॅनिफोल्डच्या तोंडावर पोलादी पट्टी उभी धरून प्रकाशाकडे बघा, वाकलाय का. नट मधून बाहेरच्या बाजूला जात, दोन फेऱ्यांत, पुस्तकातल्या टॉर्कने. प्लॅस्टिक आहे, जोर लावला की भेग.

रबराला ग्रीस नाही, सिलिकॉन नाही. कोरडंच.

नदीकाठ:

रविवारी केलं. मॅनिफोल्ड पुढे रेडिएटरच्या बाजूला आहे म्हणून जमलं. साडेचार तास लागले, सरावाच्या माणसाला दीड तास पुरला असता. गॅस्केटचे ६४० रुपये.

जुनं आणि नवीन शेजारी ठेवून बघितलं. नवीन रबर खोबणीच्या वर गोल उठून येतं, नख रुतवलं की रुततं आणि परत वर येतं. जुनं चार नंबरच्या तोंडाशी खालच्या बाजूला खोबणीच्या पातळीला बसलेलं, चकचकीत, काचेसारखं, आणि तीन बोटं लांबीत धुळीची काळी रेघ. हवा तिथून जाता जाता धूळ सोडून गेली. बाकी तीन तोंडांना अशी रेघ नाही. पट्टी लावली, मॅनिफोल्ड सरळ आहे.

सोमवार सकाळ, १५ डिग्री. स्टार्ट. काटा १३०० वर गेला आणि हळूहळू एका रेषेत खाली आला. दाब थंडपणी ३६, गरम झाल्यावर ३२. आई मागे बसली होती. म्हणाली, आज गाडी चालू केलीस का?

आठवडा झाला, एकही कोड नाही.

आता एकच उरलं. गरम इंजिन, स्लो, एसी लावला की स्टिअरिंगला बारीक झिणझिण येते. ही पहिल्यापासून असावी, मोठ्या थडथडीखाली दबलेली.

आयटीआयवाली:

झिणझिण असताना स्कॅनरवर आरपीएम काय दिसतो? हलतो की स्थिर?

नदीकाठ:

स्थिर. ७९० ते ८१०. मिसिंगचा आकडाही शून्य.

आयटीआयवाली:

मग इंजिन नीट चालतंय, ते धरून ठेवणारं रबर थकलंय. माउंटिंग बघा. बोनेट उघडून कुणाला तरी हँडब्रेक आणि पायाचा ब्रेक घट्ट धरून पहिल्या गिअरवर क्लच किंचित सोडायला सांगा. इंजिन किंचित झुकणं ठीक, उडी मारत असेल तर माउंटिंग गेलं. गाडीसमोर उभं राहू नका, बाजूने बघा. पट्ट्याच्या बाजूच्या माउंटिंगमध्ये बऱ्याच गाड्यांत आत तेल असतं, खाली काळा ओघळ दिसतोय का?

नदीकाठ:

ओघळ आहे. आणि उडीही मारतंय. पुढच्या पगाराला बदलतो, घाई नाही ना?

पाना_दहा_अकरा:

महिनाभर चालेल. वर्षभर चालवू नका, सायलेन्सरच्या लवचीक नळीला ताण येतो आणि ती फाटते.

आयटीआयवाली:

एक विनंती. ते जुनं गॅस्केट टाकलं नसेल तर मला पाठवाल का? आणि मुलीच्या वहीतल्या त्या पानांचे फोटो. मुलांना एअर लीक फळ्यावर शिकवते, पण अशी धुळीची रेघ हातात द्यायला मिळत नाही.

नदीकाठ:

आज कुरिअर केलं, ताई. मुलीने चार नंबरच्या तोंडाला पांढऱ्या खडूने खूण करून दिलीय.

घाटमाथा:

सगळं वाचलं. बॅटरीचा सल्ला मी परत कुणाला देणार नाही. माझ्या भावाच्या गाडीलाही हेच होतं, सकाळी एक मिनिट मिसिंग, पी०३०१. त्यालाही हेच गॅस्केट सांगू का? त्याचं कूलंट मात्र महिन्याला अर्धी बाटली लागतं.

पाना_दहा_अकरा:

नाही. कूलंट कमी होतंय म्हणजे वेगळी गोष्ट. आज रात्री त्याला गाडी बाहेर काढू नको म्हणावं. उद्या रेडिएटरला प्रेशर टेस्टर लावून रात्रभर ठेवा, सकाळी एक नंबरचा प्लग काढून बघा, ओला आहे का. बघितल्यावर इथे लिहा, मग पुढचं सांगतो.